जुन्या गाडीत ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताना: क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

जुना तीन गिअरचा किंवा दोन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स काढून त्या जागी नंतरच्या काळातला चार गिअरचा, ओव्हरड्राइव्हचा (चौथ्या गिअरमध्ये इंजिनापेक्षा शाफ्ट वेगाने फिरणारा) बॉक्स चढवायला दोन दिवस पुरतात. तो जळायला एक दुपार पुरते. जळालेले बहुतेक बॉक्स मुळात चांगले असतात. गोंधळ दोनच ठिकाणी होतो: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) नीट आत न बसवता बोल्ट ओढले जातात, किंवा टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरपासून बॉक्सपर्यंत जाणारी) ‘नंतर बघू’ म्हणून सैल सोडली जाते. म्हणून या दोन टप्प्यांवर इथे जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरणासाठी जनरल मोटर्सची जोडी घेतली आहे: मागची चाकं ओढणारी, व्ही-८ इंजिनाची गाडी, तिच्यात आधी टीएच ३५० (तीन गिअरचा) किंवा पॉवरग्लाइड (दोन गिअरचा), आणि आता चार गिअरचा ७००आर४ किंवा २००-४आर. फोर्डचा चार गिअरचा एओडी बसवणाऱ्यालाही क्रम हाच लागतो, मापं तेवढी बदलतात.

१. पाना हातात घेण्याआधी: मागच्या एक्सलचं गणित

डिफरन्शिअलचा रेशो आधी शोधा. टॅग किंवा शिक्का मिळाला नाही तर गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या आणि दोन्ही मागची चाकं एकाच दिशेने बरोबर एक फेरी फिरवा. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट किती फेऱ्या फिरतो ते मोजा. शाफ्टवर आणि चाकांवर खडूची खूण केली की चूक होत नाही. एकच चाक फिरवून शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या तर साध्या डिफरन्शिअलमध्ये उत्तर निम्मं येतं, आणि माणूस त्यावरून नको तो बॉक्स विकत घेऊन बसतो.

हा आकडा का हवा? ७००आर४चे गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे आहेत. २००-४आरचे २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. टीएच ३५०चा पहिला २.५२ होता. ६६० मि.मी. व्यासाचं टायर आणि ताशी १०० किलोमीटर वेग धरला तर चाक मिनिटाला सुमारे ८०४ फेऱ्या फिरतं. ३.७३चा एक्सल असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३००० फेऱ्यांवर असतं आणि चौथ्यात २१००वर येतं. छान. पण एक्सल ३.०८चा असेल तर चौथ्यात इंजिन जेमतेम १७३० फेऱ्यांवर घुटमळतं. मोठ्या कॅमशाफ्टचं इंजिन तिथे रडत चालतं, किंचित चढ आला की गिअर खाली पडतो, पुन्हा वर जातो, पुन्हा पडतो. अशा गाडीत एक्सल बदलायचा विचार बॉक्ससोबतच करा. ३.४२ ते ३.७३च्या आसपास बहुतेकांचं समाधान होतं.

२. बॉक्स निवडताना: डोळ्यांनी ओळखा, सांगणाऱ्यावर जाऊ नका

७००आर४ १९८२ साली आला. सुरुवातीच्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या उभ्या दातांचा) आहे, १९८४-८५च्या सुमारास तो ३०चा झाला. म्हणून बॉक्स एकीकडून आणि कन्व्हर्टर दुसरीकडून घेतला तर जोडी जुळतेच असं नाही. दोन्हींच्या स्प्लाइन मोजा. १९८७पासूनचे बॉक्स जास्त भरवशाचे. १९९३मध्ये आलेला ४एल६०ई बाहेरून त्याचाच भाऊ दिसतो, पण त्याचं दाब आणि गिअर बदलण्याचं काम विजेवर चालतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याला वेगळा कंट्रोलर द्यावाच लागतो.

पॅनचे बोल्ट मोजा. टीएच ३५० आणि टीएच ४०० (जनरल मोटर्सचाच आणखी एक तीन गिअरचा बॉक्स) दोघांना १३, ७००आर४ला १६, २००-४आरलाही १६. म्हणजे १६ दिसले म्हणून ७००आर४च असं नाही, पॅनचा आकार आणि केसवरचा कोड दोन्ही बघा.

बेल हाऊसिंगचा, म्हणजे बॉक्सच्या इंजिनाला लागणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचा, आकार तपासा. २००-४आरचे बरेच बॉक्स दुहेरी छिद्रांचे असतात, म्हणजे शेव्रोलेच्या आणि ब्यूइक-ओल्ड्समोबिल-पॉन्टियाकच्या दोन्ही ब्लॉकना बसतात. ७००आर४ छोट्या ६० अंशी व्ही-६ इंजिनासाठीही निघाला होता. तो व्ही-८च्या ब्लॉकला बसत नाही. रिकाम्या बेल हाऊसिंगकडे पाहून हा फरक लगेच कळत नाही, जुनी गॅस्केट किंवा कागदाचा साचा लावून छिद्रं जुळवूनच पैसे द्या.

> तपासणी: डिपस्टिकचं ऑइल वासाला करपट आणि रंगाने काळपट असेल, पॅनमध्ये चकाकत्या धातूच्या पापड्या असतील, तर तो बॉक्स ‘चालू’ म्हणून घेऊ नका. पूर्ण उघडायचाच आहे असं धरूनच किंमत करा.

३. जुना बॉक्स उतरवण्याआधी घ्यायची मापं

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. बॉक्स खाली आला की ही मापं परत मिळत नाहीत.

गाडी सपाट जागेवर, चाकांवर पूर्ण वजन ठेवून उभी करा आणि पुढच्या पाच गोष्टी लिहून ठेवा:

- बेल हाऊसिंगच्या तोंडापासून मागच्या माउंटिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर
- बेल हाऊसिंगच्या तोंडापासून टेल हाऊसिंगच्या टोकापर्यंतचं अंतर
- प्रॉपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसच्या (युनिव्हर्सल जॉइंटच्या) मध्यांमधलं अंतर
- इंजिनाचा किंवा बॉक्सच्या टेलचा कोन आणि डिफरन्शिअलच्या पिनियनचा कोन
- टनेल (बॉक्सवरचा फ्लोअरच्या पत्र्याचा उंचवटा) आणि बॉक्स यांच्यात सगळ्या बाजूंनी असलेली मोकळी जागा

आखूड टेलच्या टीएच ३५०ची एकूण लांबी २७ ११/१६ इंच आहे आणि माउंटिंग तोंडापासून २० ३/८ इंचांवर. ७००आर४ सुमारे ३० ३/४ इंच लांब, माउंटिंग साडेबावीस इंचांवर. म्हणजे शाफ्ट तीन इंच आखूड करावा लागतो आणि क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून आधार देणारी फ्रेमची आडवी पट्टी) दोन इंच मागे जातो. २००-४आरची लांबी आखूड टीएच ३५०इतकीच, त्यामुळे शाफ्ट बहुधा तसाच राहतो. पण त्याचं माउंटिंग टीएच ४००च्या जागी, म्हणजे सहा इंचांहून जास्त मागे. शाफ्टचं वेल्डिंग टाळायचं असेल तर फ्रेममध्ये क्रॉसमेंबर तेवढा मागे नेता येतो का ते बघून निवड करा, माझा कल नेहमी २००-४आरकडे जातो तो त्यामुळेच.

१९५५ ते १९५७च्या शेव्रोलेंना वेगळी अडचण आहे. त्या गाड्यांत इंजिनाचा मागचा आधार बेल हाऊसिंगवरच्या कानांवर असतो आणि नव्या बॉक्सला ते कान नाहीत. इंजिनाला बाजूचे माउंट किंवा बेल हाऊसिंगला अडॅप्टर लावल्याशिवाय जुना बॉक्स सोडवलात तर इंजिन मागे लटकेल.

४. उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. गाडी चार भक्कम घोड्यांवर, सगळ्या बाजूंनी सारखी उंच. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही, हे वाचून हसणारे पुष्कळ भेटतात, तरीही.

ऑइल काढा, शाफ्ट काढताना दोन्ही टोकांवर पंचने खुणा करा, कन्व्हर्टरचे बोल्ट इंजिन हाताने फिरवत एकेक सोडवा आणि कन्व्हर्टर मागे बॉक्समध्ये ढकलून ठेवा. ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून इंजिनाला आधार द्या, नाहीतर ते मागे झुकून डिस्ट्रिब्युटर फायरवॉलवर आपटेल. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी कुठे होती तेही टिपून ठेवा. ती परत लावायला विसरलं की स्टार्टरचा करंट टीव्ही केबलमधून किंवा शिफ्टच्या केबलमधून वाट काढतो, केबल आतून जळते आणि मग ‘केबल अडकते’ म्हणून दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

५. फ्लेक्सप्लेट

फ्लेक्सप्लेट म्हणजे क्रँकला लागणारी, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती दातेरी पातळ प्लेट. शेव्रोलेच्या छोट्या ब्लॉकला दोन मापांच्या प्लेट येतात: १५३ दात आणि १६८ दात. दोघांचे स्टार्टर वेगळे, १५३च्या स्टार्टरचे बोल्ट सरळ रेषेत असतात, १६८च्या स्टार्टरचे तिरके. कन्व्हर्टरच्या बोल्टचं वर्तुळ प्लेटच्या छिद्रांशी जुळतं का ते टेबलवर बघून घ्या, गाडीखाली नाही.

१९८६पासून छोट्या ब्लॉकचं मागचं सील एकसंध झालं. त्या क्रँकची फ्लँज वेगळी आणि प्लेटवर संतुलनाचं वजन आहे. जुन्या दोन तुकड्यांच्या सीलच्या इंजिनाची प्लेट तिथे बसत नाही, आणि ४०० घन इंचांच्या इंजिनाला बाहेरून संतुलन लागतं म्हणून त्याची प्लेट वेगळीच. फोर्डमध्येही ३०२ इंजिनाचं संतुलन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला २८ औंसांवरून ५०वर गेलं. चुकीची प्लेट बसली तर गाडी थरथरते, आणि माणूस नवा बॉक्स खराब निघाला म्हणून तो खाली उतरवायला घेतो.

६. टॉर्क कन्व्हर्टर: इथे घाई नको

कन्व्हर्टर उभा ठेवून त्यात लिटरभर ऑइल ओता. हबला ऑइलचा हात फिरवा, पुढचं सील कोरडं नको. मग बॉक्सच्या शाफ्टवर कन्व्हर्टर सरकवा आणि फिरवत फिरवत आत दाबा. तो तीन पायऱ्यांनी आत जातो: आधी टर्बाइनच्या स्प्लाइन, मग स्टेटरच्या, आणि शेवटी हबच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये. प्रत्येक वेळी खट्‌कन आत गेल्याचं हाताला कळतं. बहुतेक लोक दुसऱ्या खटक्यावर थांबतात, कारण त्यांना वाटतं, बसला.

बसला का, हे मापाने ठरवा. बेल हाऊसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिथपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या बैठकीपर्यंतची खोली मोजा. दुसरीकडे, इंजिन ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागापासून फ्लेक्सप्लेट किती बाहेर आहे ते मोजा. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की बॉक्स जोडल्यावर राहणारी फट मिळते. ती ३ ते ५ मि.मी. हवी.

फट कमी असेल किंवा उणे येत असेल, तर कन्व्हर्टर अजून पूर्ण आत गेलेला नाही. काढा, पुन्हा बसवा. जास्त असेल तर प्रत्येक बोल्टपाशी, कन्व्हर्टर आणि प्लेट यांच्या मध्ये, सारख्या जाडीचे कडक वॉशर टाकून ती मापात आणा.

> इशारा: बॉक्स इंजिनाला लावताना बेल हाऊसिंग हाताने ढकलून ब्लॉकला टेकलं पाहिजे. शेवटचा एक सेंटिमीटर बोल्ट आवळून ओढू नका. बोल्ट ओढताना ऐकू येणारा कर्‌कर्‌ आवाज पंपाचा गिअर फुटल्याचा असतो.

७. बॉक्स चढवणं आणि क्रॉसमेंबर

ब्लॉकच्या मागे दोन डॉवेल पिना असल्या पाहिजेत. एक हरवलेली आढळते, आणि लोक बोल्टच्या भरवशावर पुढे जातात. मग बॉक्स केसभर बाजूला बसतो, पंपाची बुश खाल्ली जाते, पुढच्या सीलमधून ऑइल गळतं आणि नवीन सील घातलं तरी महिन्यात पुन्हा गळतं.

बेल हाऊसिंगचे सगळे बोल्ट आवळून झाले की कन्व्हर्टर हाताने फिरवून बघा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि पुढे ओढला की प्लेटला टेकला पाहिजे. मगच त्याचे बोल्ट लावा. मोकळा फिरत नसेल तर इथेच थांबायचं.

डिपस्टिकची नळी आणि तिची ओ-रिंग आत्ताच बसवा. नंतर हात जात नाही. क्रॉसमेंबर कुठे नेणार ते ठरवण्याआधी एक्झॉस्टचे पाइप, हँडब्रेकची केबल आणि टनेल बघा. टनेलला ठोकून जागा करायची असेल तर बॉक्स खाली घेऊन करा.

८. प्रॉपेलर शाफ्ट

नवीन लांबी मोजताना गाडीचं वजन चाकांवर हवं. स्लिप योक (शाफ्टचं बॉक्सच्या टेलमध्ये आत-बाहेर सरकणारं टोक) पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मि.मी. बाहेर ओढा, आणि तिथे क्रॉसच्या मध्यापासून पिनियनच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजा. चाकं लटकत असताना मोजलेला शाफ्ट मोठ्या खड्ड्यात योक बॉक्समध्ये ठोकतो. टीएच ३५०, २००-४आर आणि ७००आर४ यांना २७ स्प्लाइनचा योक चालतो. टीएच ४००ला ३२चा.

कोन मोजताना डिजिटल अँगल गेज वापरा. बॉक्सचं टेल समजा ३ अंश खाली असेल, तर पिनियन तितकाच वर, म्हणजे दोघं एकमेकांना समांतर. प्रत्येक क्रॉसचा काम करणारा कोन साधारण १ ते ३ अंशांत असू द्या. शून्य कोनही वाईट, सुया एकाच जागी घासतात. माउंटिंगखाली पत्र्याची पट्टी घालून कोन सुधारतो, लेथवर जाण्याआधी ते करून पाहा.

९. कूलर

मॅन्युअल गाडी असेल तर रेडिएटरमध्ये ऑइलची टाकी नसतेच. बाहेरचा कूलर लावा, रेडिएटरच्या पुढे, पंख्याच्या हवेत. जुन्या बॉक्समधल्या नळ्या वापरणार असाल तर त्या धुऊन घ्या. जुना बॉक्स जळून गेला असेल तर त्याचा कचरा त्याच नळ्यांत बसलेला असतो, आणि पहिल्या दिवशी तो थेट नवीन बॉक्समध्ये जातो. रबरी नळी जिथे असेल तिथे ती ट्रान्समिशनची, दाबाची असू द्या. पेट्रोलची नळी इथे चालत नाही.

१०. टीव्ही केबल: बॉक्सचं आयुष्य इथे ठरतं

टीएच ३५०ला एक केबल असते, तिला किकडाउन म्हणतात. ती तुटली तरी गाडी चालते, फक्त दाबल्यावर खाली गिअर पडत नाही. ७००आर४ची केबल दिसायला अगदी तशीच आहे, आणि सगळी फसगत तिथूनच सुरू होते. ही केबल बॉक्सला सांगते की इंजिन किती जोर लावतंय, आणि त्यावर बॉक्स आतला दाब ठरवतो. ती सैल असेल तर क्लच कमी दाबावर धरले जातात आणि घसरतात. तिसरा-चौथा क्लच सगळ्यात आधी जातो. चालवणाऱ्याला फक्त ‘गिअर मऊ बदलतात’ असं वाटतं, छानच वाटतं. मी माझा पहिला बॉक्स असाच घालवला. गिअर इतके गुळगुळीत बदलत होते की मी चार लोकांना बसवून फिरवून आणलं.

बसवण्याचा क्रम:

१. कार्ब्युरेटरवर केबल कुठे जोडली जाते ते बघा. क्वाड्राजेट (जनरल मोटर्सच्या गाड्यांवरचा कार्ब्युरेटर) असेल तर त्याच्या हातावर कारखान्याचीच जागा आहे. दुसरा कार्ब्युरेटर असेल तर योग्य भूमितीची दुरुस्ती प्लेट लागते. केबल नुसती अडकवली म्हणजे झालं नाही. थ्रॉटल अर्धा उघडल्यावर केबल किती खेचली जाते, हे त्या छिद्राच्या जागेवर ठरतं.

२. कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पूर्ण बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत हाताने फिरवा आणि केबल अडकत नाही ना, मागे सहज येते ना, ते बघा.

३. केबलच्या ब्रॅकेटवरचं बटण दाबून स्लायडर ब्रॅकेटकडे पूर्ण मागे घ्या, बटण सोडा.

४. थ्रॉटल कार्ब्युरेटरपाशी पूर्ण उघडा. टक् टक् करत केबल स्वतःच आपली जागा घेते.

५. आता एकाला आत बसवून एक्सलरेटरचं पेडल तळाला दाबायला सांगा आणि थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो का ते बघा. जुन्या गाड्यांत लिंकेज जीर्ण असतं, पेडल गालिच्यावर टेकतं आणि थ्रॉटल पाऊणच उघडतो. तो दोष आधी काढा, मग केबल पुन्हा लावा.

६. बॉक्सच्या दाबाच्या छिद्राला गेज लावा. थ्रॉटल उघडत जाताना दाब एकसारखा चढत गेला पाहिजे. थ्रॉटल उघडूनही तो तिथेच राहत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

> इशारा: केबल न लावता ‘गॅरेजच्या दारापर्यंत तरी नेऊ’ असं मनात आलं तर बॅटरीची तार काढून ठेवा.

फोर्डच्या एओडीतही टीव्हीची दांडी किंवा केबल याच कामाला असते, आणि तोही तशाच चुकीने जळतो.

११. लॉकअप, लिव्हर आणि स्विच

कन्व्हर्टरचं लॉकअप (कन्व्हर्टरची घसरण थांबवून त्याला थेट जोडणारा आतला क्लच) न जोडता फिरणारे खूप दिसतात. चौथ्यात कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ऑइल तापतं, लांबच्या प्रवासात तर फारच. साधी जोडणी अशी: इग्निशनचा १२ व्होल्ट, फ्यूज, ब्रेकचा स्विच, व्हॅक्युम स्विच, मग बॉक्समधला सोलेनॉइड, आणि चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच अर्थच्या बाजूला. प्लगच्या पिना वर्षागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या बॉक्सच्या वर्षाचा आराखडा हाताशी ठेवा.

नेहमीची चूक ब्रेकच्या स्विचची. दिव्याचा स्विच ब्रेक दाबल्यावर करंट *देतो*. इथे ब्रेक दाबल्यावर करंट *तोडणारा* हवा. उलटा लावला तर ब्रेक दाबल्यावर लॉकअप धरतो आणि गाडी थांबता थांबता इंजिन बंद पडतं.

(एओडीत तिसऱ्यात काही भाग आणि चौथ्यात सगळा जोर थेट शाफ्टवरून जातो, त्याला ही वायरिंग लागत नाही.)

स्टिअरिंगवरच्या लिव्हरला टीएच ३५०चे सहा थांबे होते, आता सात. काट्याकडे बघून लिंकेज लावू नका. गाडीखाली जाऊन बॉक्सच्या हाताच्या प्रत्येक खटक्यावर लिव्हर नेमका बसतो का ते बघा. खटक्याच्या मध्येच राहिलेला लिव्हर अर्ध्या दाबावर क्लच चालवतो. न्यूट्रल सेफ्टी स्विच पार्क आणि न्यूट्रल सोडून कुठेही स्टार्टर फिरू देत नाही, हे प्रत्येक जागी किल्ली फिरवून तपासा.

१२. ऑइल आणि पहिली सुरुवात

कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टरसकट दहा लिटरहून जास्त ऑइल लागतं. सगळं एकदम जात नाही. पाच लिटर ओता, इंजिन सुरू करा, लगेच पुढचं ओतत राहा. चाकं वर असताना, ब्रेकवर पाय ठेवून, प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा. इंजिन आयडलवर, ऑइल गरम, लिव्हर पार्कमध्ये अशा स्थितीत डिपस्टिक बघा. क्रायस्लरचे टॉर्कफ्लाइट मात्र न्यूट्रलमध्ये तपासतात. पातळी जास्त झाली तरी फेस होतो, म्हणून शेवटचा अर्धा लिटर थोडा थोडा.

पहिल्या फेरीला गाडी गल्लीच्या टोकापर्यंतच न्या, परत आणा, खाली वाका, गळती बघा. पुढची फेरी जरा लांब. पहिला-दुसरा फार लवकर बदलत असेल तर केबल सैल आहे. फार उशिरा आणि झटक्याने बदलत असेल तर जास्त ताणलेली आहे.

१३. स्पीडोमीटर

यांत्रिक केबलच्या गाडीत हिशोब सोपा: बॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरचे दात गुणिले एक्सल रेशो गुणिले टायरच्या मैलागणिक फेऱ्या, भागिले १००१. उत्तर म्हणजे लागणाऱ्या ड्रिव्हन गिअरचे दात. १५ दात, ३.७३ आणि मैलाला ७८० फेऱ्या असतील तर ४३.६ येतं, म्हणजे ४४चा गिअर. टायरचं माप बदललं तर पुन्हा हाच हिशोब करावा लागेल.

साधारण पाचशे किलोमीटरनंतर पॅन उतरवा. चुंबकावर करडी बारीक पावडर असणारच, तिची काळजी नको. काळे तुकडे किंवा करपलेला वास आला तर पहिल्यांदा टीव्ही केबलकडे जा. पॅनचे बोल्ट आडव्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा. कॉर्कचं गॅस्केट जास्त आवळलं की बाहेर येतं आणि गळतं.